भाषणाची दोन टोकं

भाषण लिहायला बसलेला माणूस बहुधा कागदाच्या डोक्यावर ‘सन्माननीय व्यासपीठ’ असं लिहितो आणि तिथेच अडतो. पुढचं वाक्य सुचत नाही, कारण शेवटी कुठे पोहोचायचं ते ठरलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं उलट्या बाजूने आहे: आधी शेवटचं वाक्य लिहा. ऐकून उठलेल्या लोकांनी काय करावं, काय ठरवावं, निदान घरी जाऊन कोणती गोष्ट सांगावी, ते एका वाक्यात उतरवा. ते हाती आलं की सुरुवात शोधायला फार वेळ लागत नाही. त्या वाक्याकडे जाणारी वाट उघडून देणं एवढंच सुरुवातीचं काम असतं.

या दोन टोकांवर इतका जीव का लावायचा, याचं कारण ऐकण्याच्या रीतीत आहे. शब्दांची लांबलचक यादी एखाद्याला वाचून दाखवली तर सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त लक्षात राहतात आणि मधले गळतात, हे मानसशास्त्रातलं जुनं आणि पुन्हा पुन्हा पडताळलेलं निरीक्षण आहे. भाषण म्हणजे नुसती यादी नव्हे. पण सभेत बसलेल्या माणसाचंही साधारण असंच होतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो तुमचा विषय ऐकतच नसतो, तुम्हाला जोखत असतो. या माणसाला खरंच काही सांगायचंय का? किती वेळ घेणार? मी मोबाइल आत ठेवू की हातातच राहू दे? एकदा त्याचं मत बनलं की ते बदलायला पुढची दहा मिनिटं खर्ची पडतात, आणि बऱ्याचदा तेवढी मिनिटं आपल्याला दिलेलीच नसतात.

अवधान मागण्याचा मराठीतला सर्वांत देखणा नमुना ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी आहे. तुम्ही फक्त लक्ष द्या, मग सगळ्या सुखांना पात्र व्हाल, असं ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात. केवढं मोठं आश्वासन! आणि लगेच पुढे म्हणतात की हे मी प्रौढी मिरवायला बोलत नाही. तुम्हा जाणत्यांच्या सभेत ही माझी सलगीची विनवणी आहे. ऐकणाऱ्याला काय मिळेल ते सांगायचं, आणि सांगताना त्याच्या वर चढून बसायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एका दमात साधल्या आहेत. आपल्या सभांमधून बहुतेक वेळा यातली एकच ऐकू येते. ‘मी काही वक्ता नाही, मला आयत्या वेळी उभं केलं’ म्हणणारा नम्र असतो, पण देऊ काहीच करत नाही. उलट पुढचा वेळ वाया जाणार अशी आगाऊ सूचना देतो. ‘आज मी तुमच्या डोळ्यांत अंजन घालणार आहे’ म्हणणारा खूप काही देऊ करतो, पण समोरच्यांना आंधळे ठरवून. दोघांनाही लोक ऐकतात. मनापासून मात्र ऐकत नाहीत.

आता नावांच्या यादीचा प्रश्न. गावातला कार्यक्रम असेल तर अध्यक्ष, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मुख्याध्यापक, देणगीदार, पत्रकार अशी नावं घ्यावीच लागतात. एखादं राहिलं तर माणूस दुखावतो आणि ते दुखावणं खरं असतं. त्यामुळे ‘नावं घेऊच नका’ हा शहरी सल्ला मला पटत नाही. पण तीन गोष्टी करता येतात. तुमच्या आधी सूत्रसंचालकाने आणि प्रास्ताविक करणाऱ्याने नावं घेतली असतील तर तिसऱ्यांदा घेण्याची गरज नसते. ‘अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो’ एवढं पुरतं. नावं घ्यायचीच असतील तर आधी तुमचं पहिलं वाक्य बोला, क्षणभर थांबा आणि मग नावांकडे वळा; तोवर लोकांनी मान वर केलेली असते. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे नावाला काम जोडा. ‘या वर्गावरच्या पत्र्यांसाठी ज्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली ते आपले अध्यक्ष’ असं म्हटलं की यादी राहत नाही, ओळख होते. तीन-चार जणांबद्दल असं बोलायला तासभर आधी चौकशी करावी लागते. ती करणारा वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा व्यासपीठ आधीच त्याच्या बाजूचं झालेलं असतं.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, शाळेतल्या शिपाईमामांचा निरोप समारंभ आहे आणि तुम्ही त्याच शाळेत शिकवणाऱ्या बाई आहात. हाताशी तयार वाक्यं आहेत: आजचा दिवस आनंदाचा आणि दुःखाचाही आहे, मामा अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू आणि मनमिळाऊ, त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होणार आहे. यात खोटं काही नाही. पण ही वाक्यं निवृत्त होणाऱ्या कोणाहीबद्दल बोलता येतात, म्हणून ती मामांबद्दलची राहत नाहीत.

मग शेवटाकडून सुरुवात करू. या समारंभातून काय व्हायला हवं? मामा जे काम कोणी न सांगता करत होते ते सगळ्यांना कळावं, आणि ते पुढे कोणीतरी उचलावं. म्हणजे शेवटचं वाक्य असं येऊ शकतं: ‘मामा, सोमवारी सकाळी पावणेसातला फाटकाशी मी उभी असेन, किल्ली माझ्याकडे द्या.’ हे एकदा ठरलं की पहिलं वाक्य आपोआप पुढे येतं: ‘आपली शाळा सव्वासातला भरते, पण फाटक पावणेसातलाच उघडतं, कारण वाडीवरची दोन मुलं पहिल्या एसटीने येतात आणि तेव्हापासून फाटकाशी उभी असतात.’ मामांचं नाव अजून घेतलेलं नाही, तरी सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळलेल्या असतील. कष्टाळू आणि मनमिळाऊ हे शब्द आता लागतच नाहीत; तो अर्धा तास सगळं सांगतो. मधल्या भागात पावसाळ्यातली एखादी सकाळ आली, परीक्षेच्या दिवशी घंटा वाजवण्यातली मामांची काटेकोर शिस्त आली, की पाच मिनिटांचं भाषण भरतं. मात्र ते शेवटचं वाक्य घ्यायचं असेल तर सोमवारी खरोखरच जायला हवं. जमणार नसेल तर ते वाक्य घेऊ नये, दुसरं शोधावं. शेवट हे सभेसमोर दिलेलं वचन असतं आणि मुलं अशी वचनं विसरत नाहीत.

सुरुवातीच्या बाकीच्या युक्त्या आपल्याला माहीत असतात: शेर, सुविचार, विनोद, श्रोत्यांना विचारलेला प्रश्न. त्या वाईट नाहीत, पण एक कसोटी लावून पाहावी. तोच शेर दुसऱ्या कुठल्या समारंभात चालला असता का? चालला असता, तर तो सोडून द्यावा. प्रश्न विचारलात तर उत्तरासाठी थांबण्याची तयारी ठेवा. ‘तुमच्यापैकी किती जणांनी आज सकाळी नळाला पाणी पाहिलं?’ असं विचारून हात वर व्हायच्या आतच पुढे गेलात, तर आपल्याला खरं काही विचारलंच नव्हतं हे लोकांना कळतं.

जगातल्या गाजलेल्या सुरुवातींपैकी एक आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतल्या भगिनींनो आणि बंधूंनो अशी साद घातली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वक्तृत्व स्पर्धेतली मुलं याचा अर्थ ‘दमदार संबोधन हवं’ असा घेतात आणि पहिल्याच ओळीत आवाज चढवतात. पण त्या संबोधनात जोरापेक्षा आशय मोठा होता. निरनिराळ्या धर्मांची माणसं एकमेकांना परकी नाहीत हे त्यांना पुढे सांगायचं होतं, आणि ते त्यांनी हाक मारण्यातूनच सांगून टाकलं. त्याच भाषणाचा शेवट मात्र फारसा कोणाला आठवत नाही, आणि मला तो सुरुवातीइतकाच मोलाचा वाटतो. परिषदेच्या सन्मानार्थ त्या सकाळी घंटा वाजवली गेली होती. ती घंटा सगळ्या धर्मांधतेची मृत्युघंटा ठरो, अशी आशा व्यक्त करून त्यांनी भाषण संपवलं. छापील भाषण तर अगदी लहान आहे, जेमतेम पान-दीड पानाचं. शेवटासाठी त्यांनी ग्रंथातला दाखला शोधला नाही. सकाळी सगळ्यांच्या कानांवर पडलेली गोष्ट उचलली. आपल्या कार्यक्रमातही अशी एखादी गोष्ट असतेच: दीपप्रज्वलनाची समई, मुलींनी म्हटलेलं स्वागतगीत, आधीच्या वक्त्याने सांगितलेली आठवण. लवकर जाऊन मागच्या खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला ती सापडते; ऐन वेळी गाडीतून उतरणाऱ्याला सापडत नाही.

पण सुरुवात आणि शेवट यांचं नातं कसं असावं हे शिकायचं तर मी २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण समोर ठेवीन. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं जायचं होतं. अशा वेळी कोणीही उदात्त शब्दांनी सुरुवात केली असती. बाबासाहेबांनी हिशोबाने केली. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली, त्याला आता दोन वर्षं, अकरा महिने आणि सतरा दिवस झाले. अधिवेशनं अकरा, कामकाजाचे दिवस १६५, त्यातले ११४ मसुद्याच्या चर्चेत गेले. मग मसुदा समितीच्या बैठकांचे दिवस, कलमांची संख्या, दुरुस्त्यांची संख्या: सुमारे ७,६३५ सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

रुक्ष वाटावी अशी ही सुरुवात आहे. पण सभेने फार वेळ लावला, जनतेचा पैसा उधळला, असा आरोप तेव्हा बाहेर होत होता आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तो सलत होता. बाबासाहेबांनी आधी आकडे ठेवले, मग आरोप सांगितला आणि मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांच्या राज्यघटनांना लागलेला वेळ आणि त्यांचा आकार शेजारी मांडला. श्रोत्यांच्या मनात आधीपासून जो प्रश्न होता त्यालाच त्यांनी पहिला हात घातला. हे मला फार शिकण्यासारखं वाटतं. आपण आपल्या मनात जे आहे त्यापासून सुरुवात करतो. पाणीपट्टी वाढवण्याच्या ठरावावर ग्रामसभेत बोलणाऱ्याने ‘पाणी म्हणजे जीवन’ म्हणून सुरुवात केली तर लोक चुळबुळ करणारच. त्यांच्या मनात मागच्या वर्षी जमा झालेले पैसे कुठे गेले हा प्रश्न असतो. वहीतला जमाखर्च वाचून सुरुवात केली तर तेच लोक पुढचं ऐकतात.

त्या भाषणात पुढे श्रेय वाटण्याचा भाग येतो. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव, मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी आणि त्यांचे सहकारी यांचा उल्लेख आहे. विरोधात बोलून चर्चा जिवंत ठेवणाऱ्या सदस्यांचेही आभार आहेत. टीकाकारांना उत्तरं आहेत. आणि मग ते म्हणतात की इथे मी थांबू शकलो असतो. थांबले असते तर एक उत्तम अहवाल झाला असता. पण देशाच्या भवितव्याने माझं मन इतकं भरून आलं आहे की या निमित्ताने काही विचार मांडले पाहिजेत, असं सांगून ते पुढे जातात. रक्तरंजित मार्ग सोडून देणं, राजकारणातली विभूतिपूजा, राजकीय समता असूनही सामाजिक-आर्थिक विषमता असलेलं २६ जानेवारी १९५० पासूनचं विसंगतीचं जीवन, हे सगळं त्यानंतर येतं. आज त्या भाषणातलं जे जे आपण आठवतो त्यातलं बरंचसं त्या ‘थांबू शकलो असतो’च्या पलीकडचं आहे.

‘जाता जाता आणखी एक मुद्दा’ हे आपल्याकडे रोज ऐकू येतं आणि श्रोते हताश होतात. तसंच काहीसं करून बाबासाहेबांनी सभा जिंकली, कारण राहून गेलेला बारीकसारीक मुद्दा ते जोडत नव्हते; सगळा अहवाल ज्यासाठी होता ते कारण सांगत होते. मागे पाहणाऱ्या आकड्यांनी सुरुवात, आणि पुढे पाहणाऱ्या इशाऱ्यांनी शेवट. शेवटच्या ओळींत ते म्हणतात की स्वातंत्र्य मिळाल्यामुळे आता काही बिघडलं तर इंग्रजांना दोष देण्याची सबब उरलेली नाही. संविधान टिकवायचं असेल तर वाटेतली अनिष्टं ओळखण्यात दिरंगाई नको आणि ती दूर करण्याच्या पुढाकारात कमजोरी नको, असं सांगून देशसेवेचा याहून चांगला मार्ग आपल्याला माहीत नाही, अशा लहानशा वाक्यावर ते थांबतात. लांब, वळणदार वाक्यांनंतर आलेलं ते आखूड वाक्य संपलं हे सांगायला ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ची गरज पडत नाही.

आपल्या कीर्तनकारांनी ही बांधणी केव्हाच ओळखली होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ पद घेऊन त्याचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि आख्यान संपताना बुवा पुन्हा त्याच पदावर येतात. पद तेच असतं. पण मधल्या तासाभरात श्रोत्याने आख्यानातली माणसं भेटून घेतलेली असतात, त्यामुळे शब्दांत आता भर पडलेली असते. भाषणात असं परतून यायचं असेल तर हे ध्यानात ठेवावं. नुसतं सुरुवातीचं वाक्य पुन्हा म्हटल्याने काही होत नाही. मधल्या भागाने त्याचा अर्थ वाढवलेला असला पाहिजे. आणि परतणं हाच एक मार्ग नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात नऊ हजार ओव्यांचा सारांश नाही, मागणं आहे, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. शेवटी काही मागणं हा माझ्या मते सर्वांत भक्कम शेवट आहे, मग ते रक्तदानासाठी नाव असो, की वाचनालयाला एक पुस्तक.

शेवट बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. एक, ‘शेवटी’ हा शब्द उच्चारल्यावर. तो ऐकला की श्रोता पिशवी जवळ ओढतो. त्यानंतर मिनिटभरापेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे उरत नाही. म्हणून खरोखर शेवट आला असेल तरच तो शब्द काढावा. दुसरं, शेवटच्या वाक्याच्या बांधणीत. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि ‘आहे’, ‘पाहिजे’, ‘करण्यात येत आहे’ यांवर आवाज खाली बसतो. वजनदार शब्द आधी येऊन गेलेला असतो आणि टाळीच्या जागी कुजबूज उरते. ‘या गावाला आज एकीची गरज आहे’ आणि ‘या गावाला आज हवी आहे ती एकी’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. सगळं भाषण दुसऱ्या ढंगात लिहिलं तर नाटकी होईल, पण शेवटचं एक वाक्य तसं बांधायला हरकत नाही. तिसरं, शरीरात. शेवटचे चार शब्द बोलता बोलता वक्ता कागद गोळा करतो आणि माइकपासून मान फिरवतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत समोर पाहा, दोन श्वास थांबा, मग ‘धन्यवाद’ म्हणा. ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणायचं असेल तर त्यालाही आधी तेवढीच मोकळी जागा द्या. शेवटच्या वाक्याला चिकटून आलं की दोन्ही वाया जातात.

आणि चिठ्ठीची तयारी ठेवा. दहा मिनिटं सांगितलेली असतात, पाहुणे उशिरा येतात आणि तुमच्या हातात ‘दोन मिनिटांत आवरा’ अशी चिठ्ठी येते. अशा वेळी बहुतेक जण मधला भाग भराभर बोलतात आणि शेवट गिळतात. उलट करावं. शेवटची चार-पाच वाक्यं वेगळ्या कागदावर असावीत आणि तोंडपाठ असावीत. चिठ्ठी आली की मधले मुद्दे सरळ सोडून त्या कागदावर यावं. काय गाळलं ते श्रोत्याला कळत नाही, त्यामुळे ‘वेळेअभावी सांगता येत नाही’ असं म्हणण्याचीही गरज नसते. उत्स्फूर्त वाटणाऱ्या शेवटांमागेही अशीच तयारी असते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन लूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते. जवळ उभ्या असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी त्यांना स्वप्नाबद्दल सांगण्याची हाक दिली, आणि कागद बाजूला ठेवून ते जे बोलले ते जगाला पाठ झालं. तो भाग त्या दिवशीच्या मसुद्यात नव्हता. पण तशी मांडणी त्यांनी आधीच्या भाषणांतून केलेली होती, म्हणून ती ओठांवर आली.

राहता राहिले आभारप्रदर्शन करणारे, ज्यांना कोणी काही शिकवत नाही. कार्यक्रमाचा खरा शेवट त्यांच्याच हातात असतो, आणि तेव्हा मागे चहाचे कप वाजत असतात. त्यांनी पहिलं वाक्य आभारांचं घेऊ नये. त्या दिवशी ऐकलेल्या भाषणांतली मनाला भिडलेली एक गोष्ट वक्त्याच्या नावासह सांगावी. मग मंडपवाले, ध्वनिव्यवस्था पाहणारे, खुर्च्या लावणारी मुलं यांच्यापासून सुरू करून अध्यक्षांपर्यंत वर जावं, म्हणजे ज्यांची नावं दिवसभर कोणी घेतली नाहीत ती लोक लक्ष देऊन ऐकत असताना येतात. दीड-दोन मिनिटं पुरतात. आणि पुढे पसायदान किंवा राष्ट्रगीत असेल तर उभं राहण्याची विनंती अगदी शेवटच्या वाक्यात करावी, आधी नाही. नाहीतर अर्धी सभा उभी आणि अर्धी बसलेली असताना आभार चालू राहतात.